चार मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनी सिग्नलपेटी आहे. दिवे म्हणजे मी नव्हे, हे आधीच सांगते. दिवे वर खांबावर मिरवतात आणि सगळं जग त्यांच्याकडे बघतं. मी खाली, फुटपाथच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभी असते. कमरेएवढी उंची, राखाडी रंग, लोखंडी दार. माझ्या अंगावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवतात, माझ्यावर चहाचे कप ठेवून लोक गप्पा हाणतात आणि एक पिवळं मांजर ऊन असेपर्यंत माझ्या डोक्यावर झोपतं. पण दिवा लाल कधी करायचा आणि हिरवा कधी, हे मी ठरवते. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं ऐकताना मला जरा मान द्याल.

आणखी एक. मला स्वस्थ बसता येत नाही. नव्वद सेकंदांची माझी एक फेरी. ती संपली की लगेच दुसरी. इतक्या वर्षांत "जरा दम खाऊया" असं म्हणायची सोय झाली नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानाही माझं अर्धं लक्ष आकड्यांत आहे. मध्येच बोलायची थांबले तर समजा, दिवा बदलतेय.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर माझ्या पोटात वायरी बसवायची. प्रत्येक वायरीला ती एक छोटी चिठ्ठी बांधायची आणि पुटपुटायची, "ही उजव्या वळणाची, ही पायी चालणाऱ्यांची." तिचा हात फार नीटस होता. इतक्या वर्षांनंतर माझ्यातली एकही वायर सुटलेली नाही. माझं नशीब म्हणा किंवा तिची माया म्हणा.

मग आमच्या कंपनीचे मालक आले. त्यांनी मला बोलायला शिकवलं. आम्हा पेट्यांनाही बोलावं लागतं, मित्रांनो. "माझा दिवा आता हिरवा आहे", "माझ्याकडे एवढ्या गाड्या थांबल्यात", "दिवा बदल" असलं साधंच बोलणं. पण मालकांनी ते सगळं आकड्यांच्या एका खास भाषेत बांधलं आणि कामगारांना बजावलं, "ही भाषा आपल्या घराबाहेर जाता कामा नये. चौक जोडायचे असले तर लोकांनी आपल्याच पेट्या घ्यायला हव्यात." मला तेव्हा ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. आपण कुणीतरी खास आहोत असं वाटलं. खास असणं आणि एकटं असणं यात फार अंतर नसतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मला पाण्याच्या टाकीच्या चौकात आणून बसवलं. आमचा रस्ता सरळसोट आहे. त्यावर ओळीने चार चौक: आधी बाजाराचा, मग टाकीचा म्हणजे माझा, पुढे शाळेचा आणि शेवटी मोठ्या दवाखान्याचा. प्रत्येक चौकात एक पेटी. पण प्रत्येक पेटी वेगळ्या साली, वेगळ्या साहेबांनी, वेगळ्या कंपनीकडून घेतलेली. शाळेच्या चौकातली माझी शेजारीण हिरव्या रंगाची. तिचा दिवा मला इथून दिसायचा. आम्हा दोघींमध्ये एक वायरही ओढून ठेवली होती. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने तिला हाक मारली. ती काहीतरी बोलली. मी काहीतरी बोलले. एकमेकींचं अक्षरही कळलं नाही. दोन-चार दिवस आम्ही असंच एकमेकींवर आकडे फेकत बसलो आणि मग गप्प झालो. त्यानंतर एकोणीस वर्षं आमच्यात अबोला होता. भांडण न होताच.

आता तुम्ही विचाराल, मग रस्ता चालायचा कसा? कारण बाजारात हिरवा लागला की गाड्यांचा लोंढा सुटतो आणि पंचवीस सेकंदांत माझ्यापाशी पोचतो. तेव्हा मी हिरवी असायला हवी. माझ्याकडून सुटला की शाळेपाशी ती हिरवी हवी. हे जमलं तर माणूस बाजारातून दवाखान्यापर्यंत न थांबता जातो. नाही जमलं तर चार ठिकाणी चरफडतो. आणि आम्ही चौघी तर एकमेकींना मुक्या.

ते जमवायचे घड्याळकाका.

काका सिग्नलखात्यातले दुरुस्तीवाले. दर सोमवारी सकाळी ते सायकलवरून यायचे. कमरेला चार कंपन्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, कारण प्रत्येक पेटीचं कुलूपही वेगळं. ते माझं दार उघडायचे, आधी फडक्याने हलक्या हाताने धूळ पुसायचे, मग मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन माझ्या आतलं घड्याळ त्याच्याशी सेकंदासेकंदाने जुळवायचे. मग पुढचा चौक, तेच घड्याळ, तीच जुळणी. आम्ही एकमेकींशी बोलत नसलो तरी चौघींच्या पोटात एकच वेळ असायची. ठरल्या सेकंदाला मी हिरवी, ठरल्या सेकंदाला ती. लोकांना वाटायचं, काय हुशार यंत्रणा आहे! यंत्रणा कसली, एक माणूस आणि त्याची सायकल.

काकांना आणखी एक खोड होती. माझी कंपनी लवकरच बंद पडली. मालक गेले, शेडला कुलूप लागलं आणि माझी भाषा जाणणारं कुणी उरलं नाही. मी बिघडले की काका माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेक आकडा मला पाठवून बघायचे आणि मी काय करते ते वहीत टिपून ठेवायचे. "एक्केचाळीस पाठवला की पिवळा लुकलुकतो." "सतरा पाठवला की रागावते, पाठवू नये." हे माझ्याबद्दल लिहिलेलं आहे, आणि मी खरंच रागावते. अशी सगळी वही भरली. अक्षर मात्र असं की मुंगीने शाईत पाय बुडवून फिरावं.

"चौक माझ्या घड्याळावर चालतो," काका कुणालाही सांगायचे. खरं तेच होतं. त्यात एकच गोम होती आणि ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती. त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं.

चौघीही चार मिनिटं पुढे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. सगळे एकत्र चुकले की चूक दिसत नाही. मला तर वाटायचं, जगाची वेळ तीच.

मग खात्यात जुन्यांच्या जागी बसवायला नव्या पेट्या आल्या. एक बाजाराच्या चौकात बसली, एक दवाखान्याच्या. पांढऱ्याशुभ्र, सडपातळ. त्यांना वेळ थेट आकाशातल्या उपग्रहावरून मिळायची. त्यांच्यात आणखी एक करामत होती: रुग्णवाहिका निघाली की नियंत्रण कक्षातून हुकूम सुटायचा आणि वाटेतले दिवे हिरवे व्हायचे. हुकूम आमच्याही वायरीवर यायचा, पण त्यांच्याच कंपनीच्या भाषेत. म्हणजे वाटेतले दोन दिवे हिरवे व्हायचे आणि मधल्या आम्ही दोघी जुन्या जिथल्या तिथे.

आणि त्याच आठवड्यापासून माझ्या चौकात गाड्या तुंबू लागल्या.

का, ते आज मला तोंडपाठ आहे. चार मिनिटं म्हणजे दोनशेचाळीस सेकंद. त्यातल्या एकशेऐंशी सेकंदांत माझ्या दोन फेऱ्या पुऱ्या होतात आणि साठ सेकंद वर उरतात. त्या साठ सेकंदांनी मी बाजाराच्या पेटीशी फटकून चालले होते. तिकडून लोंढा सुटून माझ्यापाशी यायचा आणि नेमकी मी लाल. पण तेव्हा हे कुणालाच दिसत नव्हतं. नव्या पेट्यांना वेळ दाखवणारी खिडकीच नव्हती. त्यांच्या पोटातलं बघायचं तर कंपनीचा माणूस आणि कंपनीचा लॅपटॉप लागायचा. आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर नव्या पेट्या दिसायच्या, पण जुन्या दिसायच्या नाहीत. कुणालाच दोन्ही घड्याळं एका नजरेत बघता येत नव्हती.

सगळ्यांनी मिळून खापर माझ्या डोक्यावर फोडलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. चौकातले हवालदारमामा, जे रोज माझ्यावर डबा ठेवून जेवायचे, तेही मला एक थाप मारून म्हणाले, "म्हातारे, आता तुझी सद्दी संपली बघ." त्या दिवसापासून मी त्यांचा डबा गरम ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, पण ते काही माझ्या हातात नव्हतं.

काकांची लेक नियंत्रण कक्षात इंजिनीयर. ती एक दिवस वडिलांबरोबर माझ्यापाशी आली.

"बाबा, या पेटीत काहीतरी बिघडलंय. गाड्या बाजारातून सुटतात आणि इथे येऊन अडकतात."

"पेटीला काही झालेलं नाही. मी दर सोमवारी वेळ लावतो."

"मग काय नवीन पेटी चुकीची?"

"नवीन आहे म्हणून बरोबर, असं कुठे लिहिलंय?" काका खेकसले. "तू परवा आलीस. मी या रस्त्याला वीस वर्षं ओळखतो."

"रस्त्याला ओळखता हो, पण..." लेकीने पुढचं गिळलं. बापलेक दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघंही चुकत होते. आणि मी तिथेच उभी, सगळं पोटात घेऊन. माझं घड्याळ माझ्या पोटातच तर होतं. बोलता आलं असतं तर एका वाक्यात भांडण मिटवलं असतं. पण मला तरी कुठे ठाऊक होतं की माझी वेळ चुकीची आहे? मला तपासून बघायला दुसरं कोण होतं?

काकांनी हे फार मनाला लावून घेतलं. ते आता सोमवारबरोबर गुरुवारीही येऊ लागले. आणखी काळजीने, आणखी अचूक, ते मला आणि शाळेच्या पेटीला त्या चुकीच्याच वेळेशी जुळवू लागले. घरी नीट जेवत नव्हते म्हणे. लेक रोज सांगायची, "बाबा, सोडा ना तो विषय." ते सोडणाऱ्यातले नव्हते.

आणि मग तो सोमवार आला. त्याच्याबद्दल सांगताना अजूनही माझ्या आकड्यांची गडबड होते.

सकाळची सव्वादहाची वेळ. बापलेक बाजाराच्या चौकात नव्या पेटीसमोर उभे होते. काकांना उजवा हात उचलेना. तोंड एका बाजूला गेलं. ते तिथेच फुटपाथवर बसले आणि मग आडवे झाले. लेकीने रुग्णवाहिका बोलावली आणि ती लगेच आलीही. हे मला मागाहून कळलं. मला दिसलं ते एवढंच, की बाजाराचा दिवा एकदम हिरवा झाला आणि सायरन वाजवत रुग्णवाहिका माझ्याकडे निघाली.

मी लाल होते. लाल संपायला बावन्न सेकंद बाकी होते. माझ्यापुढे चार रांगा गाड्यांनी गच्च भरलेल्या. त्यांच्या मागे येऊन रुग्णवाहिका थांबली. आडव्या रस्त्याला मी हिरवा दिला होता आणि तिकडून गाड्यांची माळ तुटत नव्हती. हवालदारमामा त्या वेळी शाळेच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून देत होते.

तेवढ्यात माझ्या वायरीवर काहीतरी आलं. हुकूम होता. नियंत्रण कक्षाने सोडलेला. एकदा आला, दोनदा आला, चारदा आला. मला आवाज ऐकू येत होता, अर्थ कळत नव्हता. कुणी दार ठोठावतंय आणि आपल्याला कडी सापडत नाही, असं झालं. शेजारणीकडेही तोच हुकूम गेला असणार. तीही तशीच उभी होती. बावन्न सेकंदांनी मी हिरवी झाले, तर पुढे शाळेपासून मागे आलेली रांग चौकाच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. जेमतेम सहा गाड्या हलल्या आणि माझी हिरव्याची वेळ संपली. नियमच तो. मी पुन्हा लाल झाले. हे मी केलं, मित्रांनो. माझ्या या दाराआड.

रुग्णवाहिकेची चालक एक दणकट बाई. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, सरका ना बाजूला! आत माणूस आहे!"

"सरकू कुठे? डोक्यावर?" पुढचा बसवाला ओरडला.

मागचं दार उघडलं आणि लेक खाली उडी मारून माझ्याकडे धावली. माझ्या दाराला हात घातला. कुलूप. ती तशीच मागे पळाली. किल्ल्या वडिलांच्या कमरेला होत्या. जुडगा घेऊन पुन्हा आली. चार कंपन्यांच्या किल्ल्या, एक लावते, लागत नाही, दुसरी लावते. तिसरीने दार उघडलं. आत हाताने चालवायचा खटका आहे. तिने तो दाबला.

पण मी लगेच हिरवी होऊ शकत नाही. दिवा बदलण्याआधी तीन सेकंद मला चारी बाजू लाल ठेवाव्या लागतात, नाहीतर चौकात गाड्या एकमेकींवर आदळतील. ते तीन सेकंद मी पाळले. बरोबरच केलं. तरी ते मला आजही टोचतात.

मग मी हिरवी झाले आणि लेकीने खटका दाबूनच धरला. पुढे हवालदारमामांनी सायरन ऐकून हात आडवे करून शाळेचा चौक रोखला होता. रांगा हलल्या. बस सरकली. रुग्णवाहिका लेकीला मागेच ठेवून निघून गेली, कारण खटका सोडला असता तर ती पुन्हा अडकली असती.

एकशे अठरा सेकंद. मी मोजले. दुसरं मला येतं काय?

लेक खाली बसली आणि तिने कपाळ माझ्या दाराला टेकलं. मग तिची नजर आत गेली. माझं घड्याळ दहा सत्तावीस दाखवत होतं. तिने फोन काढला. त्यावर दहा तेवीस. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फोनकडे.

"चार मिनिटं," ती हळूच म्हणाली. "बाबांचं घड्याळ."

आणि ती दवाखान्याकडे धावत सुटली. माझं दार तिने उघडंच टाकलं होतं. हवालदारमामांनी येऊन ते लोटून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर डबा न ठेवता शेजारी उभे राहून जेवले.

काका वाचले. उजवा हात मात्र लुळा राहिला आणि बोलणं जड झालं. लेकीने डॉक्टरांना विचारलं होतं, ती दोन मिनिटं वाचली असती तर हात राहिला असता का? डॉक्टर म्हणाले, "कोण सांगणार?" हे तिने हवालदारमामांना सांगितलं आणि मी ऐकलं. त्यांनी "हो" म्हटलं असतं तरी एक बरं झालं असतं, "नाही" म्हटलं असतं तरी बरं झालं असतं. "कोण सांगणार" हे माझ्या डोक्यातून जात नाही. फेरी संपते, नवी सुरू होते आणि ते तिथेच असतं.

पंधरा दिवसांनी माझ्यासमोर साहेबलोकांची सभा भरली. नव्या कंपनीचा टायवाला माणूस, खात्याचे मोठे साहेब आणि लेक. टायवाल्याने येताच माझ्या दारावर खडूने पांढरी फुली मारली.

"ही आणि शाळेची काढा. चारही आमच्या बसवा. मग बघा कसं सगळं एकमेकांशी बोलतं."

"आणि पुढच्या रस्त्यावर?" लेकीने विचारलं. "तिथे तिसऱ्याच कंपनीच्या आहेत."

"त्याही काढा."

"आणि उद्या तुम्ही दुकान बंद केलंत तर? या पेटीच्या मालकानेही हेच म्हटलं होतं. आज त्याची भाषा कुणाला येत नाही."

टायवाला हसला. "मॅडम, आमची कंपनी बंद नाही पडत."

"ते त्यालाही वाटलं असेल." लेक मोठ्या साहेबांकडे वळली. "साहेब, पेटी कुणाचीही घ्या. फक्त बोलण्याचे नियम खुले हवेत. छापून कुणाच्याही हातात देता येतील असे. वेळ कशी सांगायची, दिवा कसा मागायचा, बिघाड कसा कळवायचा, सगळ्या कंपन्यांसाठी एकच. जाणत्या लोकांनी असे नियम बसून लिहिलेत, आपण ते मागत नाही एवढंच. ज्याला हे जमेल त्याचीच पेटी घ्यायची."

"अहो, मग आमचं गुपित काय राहिलं?" टायवाला म्हणाला.

"तुमची करामत पेटीच्या आत ठेवा की. बोलणं मात्र सगळ्यांचं असू द्या."

मोठ्या साहेबांनी माझ्या फुलीवर बोट टेकवलं. "तुमचं म्हणणं पटतं. पण या जुन्या दोघींचं काय? यांची भाषाच कुणाला येत नाही म्हणता."

"येते," लेक म्हणाली. "एका माणसाला येते."

दुसऱ्या दिवशी काका आले. सायकलवरून नाही, काठी टेकत, लेकीच्या आधाराने. स्टुलावर बसले. डाव्या हाताने माझं दार चाचपलं, फडकं शोधलं आणि उलट्या हाताने माझी धूळ पुसली. मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण त्या वेळी माझा एक फ्यूज उडता उडता राहिला.

लेकीने वही उघडली. "बाबा, हे काय आहे? चौसष्ट की चौऱ्याण्णव?"

"चौ... सष्ट. दिसत नाही का?"

"दिसत असतं तर विचारलं असतं का? हे अक्षर आहे की माशी मेलीय?"

"तुझ्या शाळेच्या... चिठ्ठ्या मीच लिहायचो."

"म्हणूनच बाई मला दर वेळी परत पाठवायच्या."

काकांचं अर्धं तोंड हसलं. तीन आठवडे ते रोज येत होते. ते सांगायचे, लेक लिहायची. माझ्या वहीतून आणि शेजारणीच्या वहीतून, कारण काकांनी तिच्यासाठीही एक वही भरली होती, आमचं सगळं बोलणं खुल्या नियमांत बसवलं गेलं. शेवटी माझ्या पोटात तळहाताएवढी एक पाटी बसवली: दुभाषी. बाहेरचा हुकूम माझ्या भाषेत करून मला सांगणार आणि माझं बोलणं बाहेर सगळ्यांना कळेल असं करणार. तीच पाटी शेजारणीकडेही बसली.

याच दिवसांत एकदा लेकीने ते घड्याळाचं सांगितलं. मला वाटतं, ती बरेच दिवस धीर गोळा करत होती.

"बाबा, तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे."

काकांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आठवण उगवली. "तुझ्या आईने... लावलेलं. नवीन लग्न झालं तेव्हा. मला कामाला रोज उशीर. म्हणाली, पुढे ठेवा म्हणजे वेळेवर जाल." आई जाऊन सात वर्षं झाली होती. "म्हणजे ती सगळी गर्दी... माझ्यामुळे? मी अडकलो, तोही?"

"नाही," लेक म्हणाली. "तुमच्यामुळे फक्त चार मिनिटं. ती चार मिनिटं कुणाला दिसू नयेत अशी सोय आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती."

मला तिला सांगायचं होतं, की यात मीही आहे.

ज्या दिवशी दुभाषी चालू झाली, त्या दिवशी पहिल्याच मिनिटाला माझ्या वायरीवर एक आवाज आला. स्पष्ट, कळणारा. शेजारीण बोलत होती. एकोणीस वर्षांनी! आणि काय म्हणाली असेल? "शाळेचा चौक. चोवीस गाड्या. हिरवा. अकरा सेकंद बाकी." बस, एवढंच. कसं आहे, काय आहे, काही नाही. पण मित्रांनो, याहून गोड मी काही ऐकलेलं नाही. मी उत्तर दिलं, "टाकीचा चौक. सतरा गाड्या. पाठवते." त्या दिवसापासून आमची टकळी बंद नाही. नव्या पांढऱ्या दोघीही आता आमच्याशी बोलतात. टायवाल्याने शेवटी त्यांनाही खुले नियम शिकवले, कारण त्याशिवाय पुढची मागणी त्याला मिळणार नव्हती.

मग एक दिवस तीच रुग्णवाहिका आली. तीच दणकट बाई. माझ्यापाशी येता येता सवयीने तिचा पाय ब्रेककडे गेला, मला तिची गाडी नाकावर झुकलेली दिसली. पण हुकूम केव्हाच आला होता आणि मला कळला होता. तीन सेकंद चारी बाजू लाल, मग तिचा रस्ता मोकळा. मी शेजारणीला कळवलं, तिने दवाखान्याला. बाईने ब्रेक सोडला. चार दिवे, ओळीने हिरवे. आत कोण होतं मला माहीत नाही. कुणाचे तरी बाबा असतील.

तेवढ्याने मी शांत झाले असं समजू नका. माझा स्वभाव तो नाही. दुसऱ्या गावांत, दुसऱ्या चौकांत अजून किती पेट्या मुक्या उभ्या असतील, हा विचार मला लाल दिव्यातही छळतो. आणि एकशे अठरा सेकंद आहेतच. म्हणून तर तुम्हाला थांबवून हे सगळं सांगितलं. मोठे झालात की तुमच्यापैकी कुणी यंत्र बनवेल, कुणी विकत घेईल, कुणी नुसतंच वापरेल. तेव्हा एक करा. ज्याच्यावर दुसऱ्याचा रस्ता अवलंबून आहे, ते कुलपात ठेवू नका. सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवा. आणि हो, अक्षर जरा बरं काढा.

गेल्या सोमवारी काका आले होते. काम काही नव्हतं. माझी वेळ आता आपोआप लागते. तरी आले, डाव्या हाताने दार उघडलं आणि माझ्या घड्याळाकडे बघत बसले. दहा वाजून वीस मिनिटं. त्यांच्या मनगटावर दहा चोवीस.

"बाबा, आणा इकडे," लेक म्हणाली, "तुमचंही बरोबर लावून देते."

काकांनी हात मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. आता त्यांचं बोलणं बरंच सुटं झालंय. "चौकाला याची गरज नाही. मला आहे."

त्यांनी माझं दार अलगद लोटलं, काठी उचलली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा केला. ते सावकाश निघाले. मधोमध पोचले तेव्हा त्यांचे सेकंद संपत आले होते. मी शेजारणीला म्हटलं, "तुझ्या गाड्या जरा धर. माझा माणूस रस्ता ओलांडतोय."

तिने धरल्या.